पुरुषोत्तमपंतांचं तत्त्व आणि विकतचं सॉफ्टवेअर

बाळांनो, एका जंगलात घरोघरी कॉम्प्युटर होते. बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर सिंहाच्या कंपनीची ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिला पैसे पडत. नदीपलीकडच्या प्राण्यांनी मात्र स्वतःची सिस्टिम बनवली होती. ती फुकट होती. कुणीही उघडून पाहावी, हवी तशी बदलावी, म्हणून तिला ‘मुक्त’ म्हणत. त्यांना तिचा फार अभिमान होता, आणि तो रास्तच होता.

तिथे शालिनीताई उदमांजर लग्नपत्रिका छापत. त्यांची अडचण एकच. पत्रिका मांडायचं चांगलं सॉफ्टवेअर सिंहाच्याच सिस्टिमवर चाले. इथल्या सॉफ्टवेअरात जोडाक्षरं फुटत. घोरपडीच्या तृप्तीची पत्रिका छापली, तर नाव आलं ‘तृप ती’. वरपक्षाने विचारलं, “यातली तृप कोण आणि ती कोण?” लग्न मोडता मोडता राहिलं.

ताई थेट ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अच्युतराव मुंगसांकडे गेल्या.

“आमच्या सिस्टिमसाठीही बनवा. आम्ही विकत घेऊ.”

“तुमच्याकडे सगळं फुकट लागतं म्हणे.”

“आम्ही मुक्त आहोत, अच्युतराव. फुकटे नाही.”

त्यांना ते पटलं. बाकीची कामं बाजूला ठेवून त्यांनी पावसाळाभर खपून सॉफ्टवेअर बनवलं. जोडाक्षरं कशी सुबक बसली.

मग नदीपलीकडच्या प्राण्यांच्या मुक्त मंडळाची सभा भरली. अध्यक्ष होते पुरुषोत्तमपंत साळिंदर.

“आतला कोड दाखवणार का?” पंतांनी विचारलं.

“नाही. त्यावर माझं पोट आहे.”

“मग हे मुक्त नव्हे.”

“नाहीच. विकतचं आहे. पण तुमच्या सिस्टिमवर चालतं.”

“किंमत जरा जास्त वाटते,” मागून एक वानर म्हणालं.

“तुम्ही किती द्याल?”

“मी तत्त्वाचं बोलतोय,” वानर म्हणालं.

सभेने निषेधाचा ठराव केला. सॉफ्टवेअर घेतलं एकट्या शालिनीताईंनी. तृप्तीची पत्रिका पुन्हा छापली. लग्न झकास झालं.

पुढे एकदा ताईंच्या सॉफ्टवेअरात काही बिघडलं. अच्युतराव दुरुस्तीला निघाले. वाटेत ते पंतांकडे पाणी प्यायला थांबले. बघतात तर पंत मंडळाच्या वर्धापनदिनाची पत्रिका मांडत होते, आणि तीही अच्युतरावांच्याच सॉफ्टवेअरात. सिंहाच्या सिस्टिमवालं होतं ते. चोरीची कॉपी. काहीबाही खटपट करून मुक्त सिस्टिमवर चालवलेली.

“हे कुठून आणलंत?”

“सगळ्यांकडेच आहे,” पंत मोकळेपणाने म्हणाले. “विकत घेणं तत्त्वात बसत नाही. हे फुकट मिळालं.”

अच्युतरावांनी पाणी संपवलं. ताईंकडे जाऊन त्यांनी बिघाड काढून दिला.

“ताई, यापुढे मला हे चालवता येणार नाही. एका गिऱ्हाइकावर घर चालत नाही.”

“मी सगळ्यांच्या वतीने शब्द दिला होता,” ताई मान खाली घालून म्हणाल्या.

“तुम्ही तुमचा पाळलात.”

मुक्त सिस्टिमची नवी आवृत्ती आली आणि ताईंचं सॉफ्टवेअर बंद पडलं. ताईंनी महिनाभर वाट पाहिली. मग जड मनाने त्यांनी सिंहाची सिस्टिम घेतली. छापखाना चालवायला दुसरा उपाय नव्हता.

मंडळाची पुन्हा सभा भरली. शालिनीताई फितूर आहेत, असा एक ठराव झाला. व्यावसायिक कंपन्या मुक्त प्राण्यांना मुद्दाम डावलतात, असा दुसरा झाला. दोन्ही एकमताने.

तात्पर्य : स्वातंत्र्य अनमोल असतं. म्हणून, बाळांनो, त्याच्यासाठी कधीही काही मोजू नये.