खुराड्यातलं एरिजेरॉन

माझ्या लग्नात रामटेके सरांनी मला पुष्पगुच्छ दिला खरा, पण देण्याआधी स्टेजवरच त्यातलं एक फूल नखानं उभं चिरलं, खिशातलं भिंग डोळ्याला लावून आत पाहिलं आणि मगच गुच्छ माझ्या हातात ठेवत म्हणाले, "फूल चांगलं हाय. सुखी राहा." मागे आहेराची रांग खोळंबली होती. माझ्या सासऱ्यांना वाटलं, मुलाकडचा कोणी वैद्य असावा.

चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात सर वनस्पतिशास्त्र शिकवत आणि मी मराठी. शिवाय आम्ही शेजारी. त्यांच्या जगण्याचं सूत्र एकच होतं, "आधी भिंग, मंग मत." बाजारातलं वांगं असो, स्टाफरूममधला समोसा असो की प्राचार्यांची नोटीस, भिंग लावल्याशिवाय ते मत देत नसत. एकदा मी मोठ्या आशेनं माझी कविता त्यांना दिली. त्यांनी ती भिंगाखाली नीट वाचली आणि म्हणाले, "कागद चांगला हाय." त्यानंतर मी त्यांना कविता दाखवल्या नाहीत.

घरात माणूस एकटा, पण पाहुण्याला बसायला जागा नसे. खुर्च्यांवर, खाटेवर, शिलाई मशीनवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि त्यांत दाबून वाळत ठेवलेली झाडं. दाब म्हणून विटा, पाटा आणि सरांचा स्वतःचा अर्धवट राहिलेला पीएच.डी.चा प्रबंध. "चांगला वजनदार झाला होता," सर म्हणत, "वाया काऊन घालवाचा?" यावर आम्ही सगळे पोट धरून हसायचो. भिंतीवर दोन भावांच्या आणि एका बहिणीच्या लग्नाचे तीन फोटो होते. तिन्हींत सर नवरानवरीकडे न पाहता त्यांच्या गळ्यातल्या हारांकडे पाहताहेत.

एका वर्षी सरांना एरिजेरॉननं पछाडलं. हे एक रानटी झुडूप, कंबरभर उंचीचं, बारीक पांढुरक्या फुलांचं. फुलं पिकली की त्यांचे पांढऱ्या केसांचे झुपके होतात. "एरिजेरॉन म्हणजे ग्रीक भाषेत लवकर म्हातारा झालेला," असं सर वर्गात सांगत, आणि त्यांचे स्वतःचे केस पस्तिशीतच पांढरे झालेले असल्यामुळे पोरं खाली माना घालून हसत. याची एक उंच जात आपल्याकडे कुठेही दिसते. पण मोहर्लीच्या रस्त्याला आपण दुसरी जात पाहिली, असं सरांचं म्हणणं होतं.

नागपूरचे एक ज्येष्ठ प्राध्यापक तेव्हा जिल्ह्यातल्या वनस्पतींची यादी करत होते. त्या यादीत आपल्या नावाची एक नोंद यावी, एवढीच सरांची इच्छा होती. प्रबंध तर गेलाच होता, निदान एक ओळ तरी. पण उत्साहाच्या भरात त्यांनी पाकिटात घालून पाठवली ती नुसती फुलं. जन्मभर पोरांच्या नावानं "मुळासकट आणा, मुळासकट!" म्हणून ओरडणारा माणूस स्वतः शेंडा खुडून मोकळा झाला होता. उत्तर आलं, 'नुसत्या फुलांवर मत देत नाही. मुळापासून शेंड्यापर्यंत झाड पाठवा. यादी पंधरा दिवसांत छपाईला जात आहे.'

रविवारी सरांनी मला एसटीत घातलं आणि आम्ही मोहर्ली गाठली. पाहतो तर ती जागा लख्ख साफ. शेजारच्या घरापुढे एक म्हातारी मासोळीचं जाळं सारखं करत बसली होती. शेवंताबाई तिचं नाव.

"बाई, इथली झाडं कुठी गेली?" सरांचा आवाज चिरकला.

"उपटली ना जी. खुराड्यात टाकली. कोंबड्याईले पिसवा लय झाल्या होत्या. या पाल्याच्या वासानं जातात."

"सारी टाकली?"

"पिसवा काई कमी नव्हत्या, भाऊ."

सरांनी चपला काढल्या, देवळात शिरावं तसे हात जोडले आणि खुराड्यात शिरले. शिरले म्हणजे कमरेपर्यंत. बाहेर फक्त पाय. आत कोंबड्यांनी जो कल्ला केला त्यानं सगळा शेजार गोळा झाला. थोड्या वेळानं आतून आरोळी आली, "मूळ हाय!" आणि लगेच, "अरे, चोच मारते ना!"

सर बाहेर आले ते डोक्यात पिसं, अंगावर पिसवा आणि हातात दोन अख्खी वाळकी झाडं घेऊन. त्यांनी भिंग लावलं. दांडीवरची लव पाहिली, फुलाखालच्या हिरव्या खवल्यांच्या ओळी मोजल्या. मग भिंग खिशात ठेवलं आणि झाड हातभर लांब धरून पाहत राहिले. भिंगाशिवाय काही पाहताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.

"हेच हाय," ते हळूच म्हणाले. "त्या उंच जातीत मधलं खोड शेवटपर्यंत वर जाते. याच्यात ते मधातच थांबते. बाजूच्या फांद्या त्याच्या वर निघून जातात."

"थोरल्याचं असंच असते जी," शेवंताबाई जाळ्यातून मान वर न करता म्हणाली. "बाप गेला का थोरला थांबते, धाकले वर जातात."

सर तिला "आधी भिंग" म्हणाले नाहीत.

परतीच्या एसटीत दोघंही अंग खाजवत बसलो होतो. आगरझरी गेल्यावर सर आपणहून बोलले. "बाबा गेले तवा मी नागपूरले प्रबंध लिहून राह्यलो होतो. तिघंही भावंडं शाळेत होते. मंग नोकरी धरली. चांगले निघाले तिघंही."

"येतात का कधी?"

"त्याईले टाइम कुठी भेटते? फोटो पाठवतात ना."

मला स्वतःची लाज वाटली. त्या वजनदार प्रबंधाच्या विनोदावर इतकी वर्षं सगळ्यांत मोठ्यानं मीच हसत आलो होतो.

झाड वेळेत नागपूरला पोचलं. यादीत सरांची ओळ आली. संग्राहक म्हणून त्यांनी आपल्या आधी शेवंताबाईचं नाव घातलं होतं. दुसरं झाड कागदावर चिकटवून त्यांनी कॉलेजच्या कपाटात ठेवलं आणि मला मुद्दाम दाखवायला बोलावलं. खाली त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लेबल होतं. 'विशेष लक्षणे: पाने अरुंद, लव दाट. मधले खोड आखूड, बाजूच्या फांद्या उंच. तक्रार नाही.'

"सर, ते शेवटचं वाक्य खोडून टाका. लेबलावर असं लिहीत नाहीत."

सरांनी खिशातलं भिंग काढून माझ्या हातात दिलं. "आधी भिंग, मंग मत. पाहून घ्या, दिसते का कुठी तक्रार?"

मी भिंग लावलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे झाड धड दिसलंच नाही. तरी मी म्हणालो, "नाही, सर. नाही दिसत."