दौलतराव इंगोले यांचा ओटीपी

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या दौलतराव इंगोल्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. त्यांच्या हातून कागद हरवत नसे! अकोल्याच्या एका तेलगिरणीत नऊ वर्षं आणि मग गावातल्या डाळमिलमध्ये चार वर्षं कारकुनी करून ते गेल्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा स्वतःच्या लग्नातल्या मांडवाची पावतीसुद्धा त्यांच्या फायलीत होती.

म्हणून प्राप्तिकराची नोटीस आली तरी ते घाबरले नाहीत. काढलेल्या पीएफवर कर मागितला होता, कारण नोकरी पाच वर्षांहून कमी दिसत होती. अकोल्याचं खातं नव्या खात्यात वळतं केल्याचं पत्र दाखवलं की तेरा वर्षं पुरी!

"पत्र हाये मायाजवळ," ते बायकोला, चंपाबाईला म्हणाले. "सायबापुढे ठेवाचं तर नीट दिसलं पायजे. लॅमिनेशन करून आणतो."

रामकिसनच्या दुकानातल्या यंत्रानं पत्र अर्धं गिळलं आणि ते तिथंच अडकलं. रामकिसननं पकडीनं ओढलं. बाहेर आला तो जळका पापड!

"झेरॉक्स असन ना?" रामकिसननं हळूच विचारलं.

"खरा कागद असताना झेरॉक्स कायले काढू?" दौलतराव म्हणाले आणि स्टुलावर बसले. नव्वद हजारांचा कर होता.

वाशिमच्या करसल्लागार मंजूताईंनी धीर दिला. "पीएफचं पासबुक इंटरनेटवरून काढू. त्यात सगळं असते. फक्त मोबाईलवर ओटीपी येईल तो सांगा."

ओटीपी काही आला नाही. खात्याला जोडलेला नंबर दौलतरावांनी चार वर्षांपूर्वीच सोडला होता आणि आता तो दुसऱ्या कुणाकडे गेला होता. त्यांनी त्याच नंबरवर फोन लावला.

"राम राम. मी दौलतराव इंगोले बोलून राह्यलो. तुमच्या मोबाईलवर एक आकडा येईन, तो मले..."

"दौलतराव वारले!" पलीकडून कुणीतरी ओरडलं.

"कोण म्हणते? मीच दौलतराव!"

"मेलेल्या माणसाच्या नावानं ठगता? लाज नाई वाटत?"

फोन कट. पुन्हा लावला, तर लागेचना! मग चंपाबाईंनी आपल्या फोनवरून लावला.

"भाऊ, मी त्यायची बायको. ते खरंच जित्ते हायेत."

पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. "बाई, तुमच्या दुःखात आमी हाओत. पण तुमाले बी कोणी ठगून राह्यलं. पोहरादेवीले आमच्या घरी या, समोरासमोर बोलू."

दोघं मोटारसायकलवर पोहरादेवीला गेले. फोनवर बोललेला हरिसिंग दारातच उभा होता. आधार कार्डावरचा फोटो आणि समोरचा चेहरा त्यानं तीनदा ताडून पाहिला, आणि मटकन बाजेवर बसला.

"दोन-तीन वर्षं दर महिन्याले मेसेज ये," त्याची बायको धनीबाई सांगू लागली. "दौलतराव इंगोले, खात्यात एवढे जमा. आमी ऊस तोडाले कारखान्यावर गेलो तरी ये. पोरगी वाचून दाखवे. बरं वाटे, कोणाचं तरी जमून राह्यलं म्हून. मंग एकदम बंदच पडले! आमी समजलो, माणूस गेला. देवीपुढे दिवा लावला तुमच्या नावानं."

आजवर दौलतरावांच्या पगाराची एवढी काळजी कुणी केली नव्हती, मालकानं तर नाहीच.

मंजूताईंनी तिकडून ओटीपी मागवला. हरिसिंगनं सहा आकडे एकेक करून, फोनवर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवले. पासबुक निघालं, अकोल्याची नोंद सापडली, नव्वद हजार वाचले!

चहा पिताना हरिसिंगनं विचारलं, "मंग आता मेसेज नाई येणार?"

"नाई. सगळे पैसे काढले."

हरिसिंगनं धनीबाईकडे पाहिलं. ती उठून आत गेली आणि ज्वारीची पिशवी भरून घेऊन आली.

"घ्या बाई," ती चंपाबाईला म्हणाली. "आता तुमचं तं काईच जमा होत नाई."

आमचं बरं चाललंय, असं दौलतरावांनी परोपरीनं सांगितलं. कुणीही विश्वास ठेवला नाही. शेवटी पिशवी गाडीच्या हँडलला अडकवून ते निघाले.