पगारी मामा

डोमाजी पगारावर नातेवाईक होता. ही थट्टा नाही. आमच्या निधीच्या कागदात त्याचे काम तसेच लिहिले होते: 'ज्यांचे कोणी नाही अशा रुग्णांजवळ नातेवाइकाप्रमाणे बसणे.' त्यातला 'प्रमाणे' हा शब्द डोमाजीने कधी मनावर घेतला नाही.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षे होती ती. गोंदियाला चारी दिशांनी गाड्या येत आणि गाडीत आजारी पडलेला परगावचा माणूस इथेच उतरवला जाई. धानाच्या गिरण्यांत छत्तीसगडचे मजूर, रेल्वेत तेलुगू आणि बंगाली, बिडी वळायला सगळ्या धर्माचे लोक आणि फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे. दवाखान्यात खाट मिळे, औषध मिळे, पण पाणी द्यायला आणि पेज पाजायला घरचे माणूस लागे. ज्याला घरच नाही त्याने काय करावे? म्हणून एका गिरणीवाल्या शेठजींनी आईच्या नावाने निधी काढला. मी रेल्वेच्या मालधक्क्यावर हेडक्लार्क, माझे रकाने सरळ असतात, म्हणून मला चिटणीस केले.

डोमाजी केशोरीकडचा. पन्नाशीचा, उंच, किंचित वाकलेला. खांद्यावर दुपट्टा, हातात लोटा. नव्या रुग्णाच्या खाटेशी गेला की आधी रागवायचा.

"काऊन बे, इतका ताप चढेपर्यंत काय करून राहिला होतास? घरच्यांले सांगता येत नाही?"

घरचे म्हणजे तो स्वतः. रुग्णाने त्याला त्याआधी कधी पाहिलेलेही नसे.

पेज नाकारली की तो रुसे. खाटेच्या पायथ्याशी पाठ फिरवून बसे, आणि मग एकशेतीन ताप असलेला माणूसच त्याची समजूत घाली. बरा झालेला कोणी न सांगता निघून गेला तर डोमाजी दोन दिवस कुरकुरे. "असं राहते का जी? जातो म्हणून एक शबुद नाही. बाहेरच्यानं असं केलं तं समजू."

माझा त्याच्याशी वाद एकाच गोष्टीवरून. आमच्या वहीत 'नाते' असा एक रकाना होता. त्यात 'निधीचा माणूस' असे लिहावे, हा माझा नियम. डोमाजीला लिहिता येत होते, पण तेवढे दोन शब्द त्याच्या हातून उमटत नसत. एका वर्षअखेरीस मी बेरीज केली. एकूण त्रेसष्ट रुग्ण. त्यांत तो एकवीस जणांचा मामा, सतरा जणांचा काका, चौदांचा मोठा भाऊ, नऊ जणांचा चाचा आणि एकाचा सासरा. एका ठिकाणी नुसते 'आपला' लिहिले होते.

"सासरा कसा काय?" मी विचारले.

"तो जावायावानी रुसून राहिला होता, बाबूजी."

मी लाल शाईने त्रेसष्ट ठिकाणी खोडले आणि त्रेसष्ट ठिकाणी 'निधीचा माणूस' लिहिले. दोन संध्याकाळी गेल्या. मला त्याचे समाधान वाटले होते, हेही लिहून ठेवतो.

एकदा कामठ्याचा एक मजूर दाखल होता. नवव्या दिवशी त्याचा खरा मामा आला, तर उशाशी एक मामा आधीच बसलेला.

"तू कोन?" डोमाजीने विचारले.

"मी याचा मामा."

"मामा तं मी आहो. नऊ दिवस कुठी होतास?"

"धानाचा रोवना चालू होता."

"बरं, बस तिकडं पायापाशी."

तो बिचारा दोन दिवस पायथ्याशी बसला आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे तक्रार घेऊन आला. मी डोमाजीला बोलावून सांगितले, खरा माणूस आला की आपले काम संपले. त्याने मान हलवली. मग संध्याकाळपर्यंत तो दवाखान्याच्या पडवीत बसून होता, आत न जाता. मी ते पाहिले. त्या दिवशी दुसरे तीन रुग्ण त्याची वाट पाहत होते, एवढेच माझ्या डोक्यात आले, आणि मी नवा नियम केला: दर रुग्णामागे अर्धा तास.

"अर्ध्या तासात तं त्याले माहा चेहराबी ओळखू येत नाही," तो म्हणाला.

"ओळखायची गरज नाही. पेज पोचली पाहिजे," मी म्हणालो.

एका हिवाळ्यात मालधक्क्यावर दवाखान्याची चिठ्ठी आली. 'आपले बंधू दाखल आहेत. येऊन भेटावे.' माझे दोन भाऊ, एक वर्ध्याला, एक अमरावतीला. मी घाबरून निघालो. सोबत कचेरीतले दोघे आले.

खाटेवर डोमाजी होता. छातीत कफ भरलेला, दाढी वाढलेली. टेबलाशी बसलेल्या नव्या कारकुनाने वही पुढे केली.

"हे तुमचे मोठे भाऊ ना? यांनी तुमचंच नाव दिलं आहे."

डोमाजी माझ्याकडे पाहत होता. मागे कचेरीतले दोघे उभे होते.

"नाही," मी म्हणालो. "मी निधीचा चिटणीस. हा आमचा नोकर."

रकाने वाचून दाखवतो तशा स्वच्छ आवाजात म्हणालो. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

डोमाजी कोपरावर उठला. "बाबूजी बरोबर सांगून राहिले, साहेब. तापात माह्या तोंडून निघून गेलं. खोडा ते."

"मग काय लिहू?"

"काही नोका लिहू."

कारकुनाने माझ्या नावावर रेघ मारली. मी बाहेर पडताना दवाखान्याचा जुना कंपाउंडर हळू आवाजात म्हणाला, "याची बायको इथंच गेली. हा बैलगाडी घेऊन धानाच्या फेऱ्यांवर होता. तिच्याजवळ कोणी नव्हतं. तुम्हाला ठाऊक असेलच."

मला ठाऊक नव्हते. चार वर्षांत मी त्याला घरी कोण आहे असे विचारले नव्हते.

घरी बायकोला सगळे सांगितले. पहाटे उठून तिने पेज केली आणि डबा माझ्या हातात दिला.

डोमाजीने डबा उघडून अर्धी पेज वाडग्यात ओतली आणि वाडगा माझ्यापुढे धरला. शेजारच्या खाटेवर छत्तीसगडचा एक गिरणी-मजूर होता, हाडे मोजता यावीत असा.

"मले चालवत नाही, बाबूजी. त्याच्यापाशी बसता का जरा? दोन दिवस झाले, कोनी आलं नाही."

मी स्टूल ओढून बसलो. मजुराने डोळे उघडले. माझा कोट पाहिला, टोपी पाहिली.

"आप मोर का लगथव?" त्याने विचारले. तुम्ही माझे कोण लागता?

डोमाजीने भिंतीकडे तोंड केले होते, पण तो झोपला नव्हता, हे मला त्याच्या पाठीवरून कळत होते. मी तोंड उघडले. जे चार वर्षे वहीत खोडत आलो होतो, ते म्हणायला जीभ वळेना. काहीतरी करायचे म्हणून वाडगा त्याच्या ओठांना लावला, तोही वाकडा. पेज त्याच्या गळ्यावरून छातीवर सांडली.

"मानेखाली हात द्या, बाबूजी," भिंतीकडून डोमाजी म्हणाला. "आधी मानेखाली हात."