राणीचे बासष्ट मार्क

"मार्क एकदा दिले की दिले. ते शिळे होत नाहीत," असं म्हणून बाईंनी व्यापाऱ्याच्या भिंगाखालचं नाणं स्वतःकडे ओढून घेतलं.

बाईंनी पस्तीस वर्षं गणित शिकवलं होतं आणि त्यातली बावीस वर्षं बोर्डाचे पेपर तपासले होते. घरीदारी त्यांना सगळे बाईच म्हणत, नवरासुद्धा. नाणं त्यांच्या वडिलांचं. ते जहाजावर इंजिनियर होते, तेव्हा एका परक्या बंदरात त्यांनी ते घेतलं होतं. चांदीचं, तळहात भरेल एवढं, राणी व्हिक्टोरियाचा चेहरा असलेलं, आणि सालही दुर्मिळ. पुढे त्यांनीच ते एका कंपनीकडून तपासून घेतलं. तिथल्या तज्ज्ञांनी ते पारदर्शक डबीत सीलबंद केलं आणि वर चिठ्ठी लावली : सत्तरपैकी बासष्ट. आता गच्ची गळायला लागली होती, म्हणून बाईंनी मन घट्ट करून ते विकायला काढलं होतं.

"तसं नाही हो बाई," नाण्यांचा व्यापारी म्हणाला. "तेव्हा जरा सढळ हाताने मार्क द्यायचे. आता कडक तपासतात. परत एकदा पाठवून नवं सर्टिफिकेट घ्या. बासष्टचे चौसष्ट झाले तर किंमत दुप्पट. कमी झाले तर मात्र..." त्याने खांदे उडवले.

"म्हणजे माझ्या वडिलांना कुणीतरी ग्रेस मार्क देऊन वर ढकललं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"वडिलांना नाही हो. नाण्याला."

"एकच ते," बाई म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.

घरी पोचेपर्यंत राग चांगला उकळला होता. नवऱ्याने आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलं होतं. तो म्हणाला, "सर्टिफिकेटची मुदत संपायला ते काय खोकल्याचं औषध आहे? आहे तसं विकून टाक. झाकली मूठ सव्वा लाखाची."

हे वाक्य बाईंना आणखीच झोंबलं. मूठ झाकायची म्हणजे आत काहीतरी कमी आहे असं कबूल करण्यासारखंच झालं. जावयाचं मत उलटं होतं. "पाठवा, आई. नशिबात असलं तर चौसष्ट होतील."

"नशिबाने मार्क मिळत नसतात," बाई म्हणाल्या. "नाणं कुठेही जाणार नाही. विषय संपला."

विषय चार दिवस संपलेला राहिला. पाचव्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला. "एक गिऱ्हाईक तयार आहे बाई, पण नव्या सर्टिफिकेटशिवाय नको म्हणतंय. मी त्यांना सांगितलं, घरचे जरा घाबरतायत."

"घाबरतायत? कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाई कंपनीच्या कचेरीत हजर होत्या, मागे जावई. काउंटरवरच्या मुलीने अर्ज पुढे सरकवला. "इथे कमीत कमी किती मार्क चालतील ते लिहा. त्याच्या खाली येत असतील तर आम्ही डबी फोडत नाही. जुनं सर्टिफिकेट तसंच राहतं."

"परीक्षेला बसणाऱ्यानेच आपले मार्क लिहायचे?"

"आई, बासष्ट लिहा," जावई कुजबुजला. "म्हणजे नुकसानच नाही."

बाईंनी त्याच्याकडे कॉपी करणाऱ्या पोराकडे बघावं तसं बघितलं, त्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि सही ठोकली. जावयाने डोळे मिटून घेतले.

महिन्याने निकाल आला. एकसष्ट.

पाच मार्क गेले असते तर बाई कदाचित गप्प बसल्या असत्या. पण एक मार्क? एक मार्क कापणारा परीक्षक एकतर आळशी तरी असतो किंवा खडूस तरी, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. त्यांनी कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. 'मार्क कुठे कापला ते दाखवावे', हे वाक्य त्यात तीनदा होतं, तिन्ही वेळा अधोरेखित. बोलावणं आलं तेव्हा त्या जावयाला घेऊनच गेल्या. साक्षीदार असावा म्हणून.

मुख्य तपासनीस वयस्क आणि मवाळ होता. त्याने नाणं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि खुर्ची रिकामी करून दिली. "गालाजवळ बघा बाई. बारीक ओरखडा आहे. त्याचा एक मार्क."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा लावला. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्या नाणं हळूहळू फिरवत होत्या.

"आणि हे केसांत काय आहे?" शेवटी बाईंनी विचारलं.

"कुठे?"

"अंबाड्यापासून मानेपर्यंत. तिरप्या रेघा आहेत, सगळ्या एकाच दिशेने. कुणीतरी हे नाणं पुसत होतं." त्यांनी डावा हात हवेत फिरवून बघितला. "आमचे बाबा. डावखुरे होते. डबीत सील होण्याआधी दर रविवारी कपाटातून काढायचे आणि रुमालाने पुसून परत ठेवायचे."

तपासनीसाने वाकून बघितलं. त्याचे कान तांबडे झाले. "तिघांनी तपासलं होतं बाई. नजरेतून सुटलं खरं. पण असू दे आता, एकसष्ट दिलेत ना..."

"असू दे म्हणजे?" बाईंचा आवाज चढला. "मन लावून तपासायला नको? हे एकसष्टचं नाणं नाही. अठ्ठावन्न. त्याच्यावर अर्धा मार्कसुद्धा मी दिला नसता."

"आई," जावई म्हणाला, "आपण वाढवायला आलोय."

"तू मध्ये बोलू नकोस."

तपासनीस साठवर तयार होता. मालकिणीने स्वतःहून मार्क कमी करून मागावेत असं त्याच्या उभ्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं, आणि त्याला तिचं नुकसान करवत नव्हतं. पण बाईंनी त्याला परत खुर्चीत बसवलं, एकेक रेघ दाखवली, मोजायला लावली. पाऊण तासाने त्याने नवी चिठ्ठी छापली.

संध्याकाळी नवऱ्याने दार उघडलं. बाईंचा चेहरा बऱ्याच दिवसांनी शांत दिसत होता. त्या सरळ आत गेल्या. त्याने जावयाला हळूच विचारलं, "काय झालं? तो एक मार्क मिळाला का?"

"नाही," जावई म्हणाला. "आणखी तीन कमी झाले. कंपनी तयार नव्हती, आईंनी भांडून घेतले."