चोवीस पाणतीर समुद्रार्पण केले त्याची हकीकत

श्रीवरुणदेव राखणार. शके १८६४, चित्रभानु नाम संवत्सर, अधिक ज्येष्ठमास. पूर्वसमुद्रीं एक राज्य होते, त्याच्या आरमारांत भारी क्रूझर जातीच्या चौघी भगिनी, नांवें नद्यांची, आणि रूप ऐसें की बंदरांत उभ्या राहिल्या तर डोंगरास लाज यावी. परराज्यांशी जहाजांचे वजन मर्यादेंत ठेवण्याचा तह ठरला, तेव्हां मुलीचे वय सांगतांना आई दोन वर्षे गिळते, तैसें दरबाराने चौघींचे वजन गिळिले, आणि मग खुशाल मोठ्या तोफा बसविल्या. ऐशा लेकी मोहिमेस निघाल्या. वाटेंत शत्रूची पाणबुडी दिसली, वळण्याचा इशारा जाहला, तो थोरलीने पुरता घेतला आणि धाकटीने अर्धाच, आणि धाकटीचे नाक थोरलीच्या कुशीत शिरोन चेपले. मग सकाळीं धाकटीवरील डागडुजीचे अधिकारी मुराओका हे जहाजाच्या सरदारापुढे येऊन बोलिले, "वेग गेला, आतां विमाने गांठतील. पाण्याखालून धावून शत्रूस फोडणारे आपले चोवीस पाणतीर आधीं समुद्रांत टाकावे. त्यांस आग लागली तर आपणच फुटूं, आठशे माणसे जातील." सरदार बोलिले, "धन्याचे अस्त्र शत्रूवर न चालवितांच टाकावे, हे कोणत्या शास्त्रांत?" "शास्त्रांत नाही. परंतु आग शास्त्र वाचीत नाही." सरदारांनी होकारार्थी मान हालविली. तों पाणतीरांचे रखवालदार ओकीबाबा आडवे जाहले. "तीन वर्षे पुसून, तेल घालून जपिले यांस. घरीं काय तोंड दाखवूं?" मुराओका बोलिले, "बाबा, तोंड घरापर्यंत पोहोंचूं द्या, मग दाखवायचे पाहूं." ओकीबाबा हांसले नाहीत, परंतु पाणतीर सोडण्याची कळ दुसऱ्यास ओढूं दिली नाही, एकेकास नमस्कार करीत चोविसांस स्वहस्तें निरोप दिल्हा. मग विमाने आलीं, पांच बाँब बसले, कांहीं माणसें कामास आलीं, आणि ज्वाळा पाणतीरांच्या कोठ्यांत शिरल्या, त्या ओस घर पाहोन विझल्या. थोरलीने आपले पाणतीर मानाने जवळ राखिले होते. तिजवरही बाँब बसले, आणि ती त्यांच्याच स्फोटें बुडाली, आणि त्या सांजेस धाकटीवर कोणाच्या घशाखालीं घास उतरला नाही. मग धाकटी चेपल्या नाकाने, परंतु आपल्याच चालीने घरीं आली. बंदरांत दरबारचे अधिकारी पुसते जाहले, "चोवीस पाणतीर वाया कां घालविले?" ओकीबाबांनी मागे डेकवर दाटीने उभ्या माणसांकडे बोट केले आणि बोलिले, "वाया एकही गेला नाही. मोजून घ्या."

ऐसी धाकटीची कीर्ति. त्या दिवशीं तिने एकही शत्रू मारिला नाही, आणि तिचा अभिमान धरोनच हे लिहिले आहे; वाचणारांनी मान्य करावे.