हाताच्या बदल्यात लाथ

माणसाचा एक हात! खांद्यापासून नखापर्यंत असून असून असतो केवढा? तो पाठ करायला असा कितीसा वेळ लागणार?

परभणीहून आलेली पॅसेंजर चुडाव्याला थांबली आणि दैवशालानं फलाटावर पाय ठेवतानाच बेत पक्का केला. भाकरी थापताना दंड, धुणं आपटताना कोपर, म्हशीची धार काढताना मनगट. अभ्यासाची सुट्टी होतीच; मंगळवारच्या तोंडी परीक्षेपर्यंत सगळा हात तोंडात!

चौतिसाव्या वर्षी, एका लेकीची आई असताना, 'नीट'ची परीक्षा देऊन सरकारी मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला बसलेल्या बाईला एवढी घमेंड हवीच. ती नसती तर सकाळचा डबा, लेकीची वेणी आणि सासूचा चहा उरकून तिला पॅसेंजर कधी सापडलीच नसती.

अडचण एकच. हात पाठ करायला हात लागतो. वर्गातल्या पोरापोरींनी हाडांचे संच विकत घेतले होते. दैवशालाच्या घरी त्या पैशात किराणा यायचा. कॉलेजात प्रेत होतं, पण ते काही पिशवीत घालून घरी आणता येत नाही. आणि ह्याच परीक्षेत ती एकदा आपटली होती. आदली रात्रभर लेक भक्ती तापानं फणफणलेली. सकाळी शरीररचना शिकवणाऱ्या सत्यशीला मॅडमनी मनगटातलं हाड हातावर ठेवून विचारलं, "हे काय?" जागरणानं डोळे तारवटलेली दैवशाला ठामपणे म्हणाली, "पॅरासिटामॉल!"

आता दुसऱ्यांदा आपटली तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसू देणार नव्हते. वर्ष बुडालं! नवरा ओमप्रकाश गंगाखेडच्या साखर कारखान्यात हंगामी कामगार. त्याच्या कमाईतून आणखी एक वर्ष काढायचं म्हणजे चिपाडातून रस काढण्यासारखं.

म्हणून तिनं आधी लेकीचा हात धरला आणि मनगटातली हाडं चाचपू लागली.

"मम्मे, गुदगुल्या व्हायल्यात!"

"हलू नको. हे ल्युनेट हाय."

"माझ्याकडं न्हाई ते! मला कुणी दिलंच न्हाई!"

भक्ती हसून हसून अंगणभर लोळली. मग तिनं दर ठरवला. एका हाताला एक कुरकुरेचा पुडा, आणि पुडा आधी. दोन पुडे संपल्यावर तिनं दोन्ही हात पाठीमागं लपवले. पोरगी संपावर!

तेवढ्यात शेजारचे किशनतात्या विळ्यासारखे वाकून फाटकात उभे राहिले. "दैवशाला, पाय लाव गं माय. कमरेत चमक भरली."

दैवशाला पायाळू. म्हणजे जन्माला येताना डोकं मागं ठेवून पाय पुढं करत आलेली. अशा माणसाचा पाय कमरेला लागला की चमक निघते, असं अख्खं गाव मानत आलं. लग्न होऊन आल्यापासून गावातल्या किती कमरांना तिचा पाय लागला असेल, त्याला गणती नाही.

"तात्या, मी आता डॉक्टरकी शिकायले. असलं काई करणार न्हाई."

"डॉक्टरकी शिकली म्हून पाय बदलला का तुझा?"

"लाव की!" सासू सरजाबाई चुलीजवळून ओरडल्या. "पाय का झिजायलाय?"

दैवशाला नकार देणार, एवढ्यात तिची नजर तात्यांच्या हातावर गेली. वाळलेला, काटकुळा, शीर अन् शीर वर आलेली, हाड न् हाड मोजून घ्यावं! जणू पुस्तकातलं चित्रच धोतर नेसून दारात आलेलं!

"लावते," ती म्हणाली. "पण आधी अर्धा तास हात द्या."

तात्या चटईवर आडवे झाले. दैवशाला लहानपणापासून जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेली. चालीशिवाय तिच्या डोक्यात काही थांबतच नसे. तिनं तात्यांचं मनगट हळुवार धरलं आणि एकेक हाड चाचपत गळा सोडला:

मनगटाच्या गं घरात, आठ भाऊ नांदतात
स्कॅफॉइड थोरला बाई, ल्युनेट त्याच्या शेजारात.
ट्रायक्वेट्रल तिसरा गं, पिसिफॉर्म वाटाण्याएवढा
ट्रायक्वेट्रलच्या खांद्यावर बाई, ऐटीत बसला केवढा!

अर्ध्या तासानं तिनं कमरेला पाय टेकवला. तात्या उठले ते मांडवाच्या मेढीसारखे सरळ! गुण निवांत पडून राहिल्याचा होता की पायाचा, देव जाणे. तात्यांनी मात्र तो ओवीच्या नावावर जमा केला आणि सांगत सुटले, "नुसता पाय न्हाई राहिला आता! आधी हात धरून विलायती मंतर म्हणती, मग लाथ!"

दैवशाला खूश! एका हाताला एक लाथ. फुकटात हात, शिवाय न हसणारा! अजून दोन-चार कमरा मिळाल्या की परीक्षा खिशात.

दुसऱ्या दिवशी तिनं दार उघडलं तर अंगणात कमराच कमरा!

पूर्णेहून रिक्षा भरून आली होती. सरजाबाईंनी सतरंजी अंथरून रांग लावली होती आणि त्या तोऱ्यात सांगत होत्या, "सून सरकारी कॉलेजात हाय आमची! ए कडूबाई, मधी घुसू नको!" जाताना कुणी मेथीची जुडी ठेवी, कुणी पायलीभर ज्वारी.

"मामी, हे काय लावलंय? मला अभ्यास हाय!"

"मग कर की. कुणी धरलंय तुला?"

सगळ्यांनी धरलं होतं! दैवशालाला हवं होतं कोपर. रांगेतला बाप्या तळहातच पुढं करी. "पोरीचं लगीन कवा जमंल तेवढं बघा."

"मी हात बघत नसते, काका!"

"मग मघापासून धरून काय बसलाव?"

एकाला दंडाचे स्नायू मोजून घ्यायला सांगितलं, तर तो दंडावर गंडा बांधून मागू लागला. कडूबाईला आधी लाथ हवी होती, हात नंतर. "उधारी ठिवत न्हाई मी," म्हणाली! ह्या गोंधळात दंड राहिला, कोपर राहिलं, आणि दिवसभर रांगेपुढं नुसती मनगटाचीच ओवी झाली. कंटाळलेली रांग मागून सूर धरायला लागली.

त्यात ओमप्रकाशचा फोन. "अगं, कारखान्यात समदे तुझंच बोलायलेत! माझीबी कंबर लय दुखायली. घरच्या माणसाला लाथ फुकट हाय न्हवं?"

"या तुमी!" दैवशाला दातओठ खात म्हणाली. "तुमाला तर लय मनापासून हाणते!"

आणि फोन ठेवते न ठेवते तोच फाटकाशी जीप थांबली. तालुक्याचं बोगस डॉक्टर शोधणारं पथक! कळवलं कुणी, ते सांगायला नको. डिग्रीशिवाय सुया टोचणाऱ्या महारुद्रच्या दुकानाकडं कालपासून कुत्रं फिरकलं नव्हतं. जीप दिसताच त्याच्याच दुकानाचं शटर धाडकन खाली आलं.

"डिग्री दाखवा," साहेब म्हणाले.

"न्हाई सर. पहिलं वर्ष हाय. मी डॉक्टर न्हाईच!"

"आमचंही तेच म्हणणं आहे!"

ह्यांचं पत्र कॉलेजात गेलं की हात, पाय, वर्ष, सगळंच गेलं.

गाव मात्र तिच्या मदतीला धावलं, आणि तिथंच घात झाला!

"साहेब, लय गुण हाय बाईच्या पायाला!"

"मला दोन वर्सांनी वाकता आलं!"

"पैका घेत न्हाई, नुसती ज्वारी घेती!"

साहेब भराभरा लिहीत होते. "उपचाराचा प्रकार?"

"लाथ," किशनतात्या अभिमानानं म्हणाले.

पेन थांबलं. शेजारचा शिपाई हळूच म्हणाला, "साहेब, 'इतर'मध्ये लिहू का?"

साहेबांनी दैवशालाच्या ओळखपत्रावरचा कॉलेजचा नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडं नेमक्या सत्यशीला मॅडम!

"दैवशाला? पेशंट तपासतेय?" मॅडमचा आवाज अंगणभर घुमला. "अहो, तिला स्कॅफॉइड ओळखू येत नाही! ती मुलगी कुठल्याही अर्थानं डॉक्टर नाही!"

एवढा अपमान आणि एवढा दिलासा दैवशालाला एकाच वाक्यात कधी मिळाला नव्हता.

"मॅडम, मी ह्यांच्या हातावर अभ्यास करतेय," ती रडवेली होऊन म्हणाली.

"असं? मग सांग मनगटाची हाडं."

तिनं तात्यांचं मनगट घट्ट धरलं. पिसिफॉर्मपर्यंत गाडी नीट आली आणि जीपकडं नजर जाताच थांबली. डोकं कोरं! आणि मग सतरंजीवरून कडूबाईनं सुरू केलं, पाठोपाठ सगळ्या रांगेनं सूर लावला:

ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, जुळी भावंडं दाराशी
कॅपिटेट मधी मोठा बाई, हॅमेट त्याच्या उशाशी!

फोनमधून मॅडमनी विचारलं,

"हे कोण बोललं?"

"रांग, मॅडम."

"माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना हे येत नाही," मॅडम पुटपुटल्या. मग कडक आवाजात म्हणाल्या, "साहेब, ती फक्त विद्यार्थिनी आहे. आणि दैवशाला, डिग्री मिळेपर्यंत कुणालाही लाथ मारायची नाही!"

साहेबांनी ताकीद लिहून सही घेतली. रांग हळहळत उठली. कडूबाईनं मेथीची जुडी परत नेली. मोकळ्या अंगणात बसून दैवशालानं दंड आणि कोपर कसेबसे डोक्यात कोंबले.

मंगळवारी दैवशाला पास झाली. काठावर, पण पास! मॅडम मार्क मांडता मांडता म्हणाल्या, "आता पुढच्या महिन्यात डोकं आणि मान."

घरी आल्यावर तिनं लेकीपुढं, तात्यांपुढं, कडूबाईपुढं पदर पसरला. हात द्यायला अख्खं गाव रांगेत होतं. डोकं म्हणताच एकेक जण काढता पाय घेऊ लागला. "डोकं काय करायचंय गं?" तात्या टोपी सावरत म्हणाले. "ते ऱ्हाऊ दे. हाय तसं बरं हाय."

दैवशाला कपाळाला हात लावून ओट्यावर बसली. तोच सरजाबाई आतून आल्या, तिच्यापुढं पाठमोऱ्या टेकल्या आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला. सासूचं डोकं! बारा वर्षांच्या संसारात दैवशालानं त्याला कधी बोटही लावलं नव्हतं.

"घे," सरजाबाई म्हणाल्या. "काय मोजायचं ते मोज. पण उवा निघाल्या तर त्या गाऊन सांगू नको. आन् हात फिरवायलीच हायस, तर तेल बी लाव."