झिरीवरचे टोलघर आणि त्याचे उपयोग

पुलाचे आयुष्य संपते, टोलघराचे संपत नाही. हे तत्त्व शासनाने कुठे लिहून ठेवलेले नाही. पण आंबाटेंभी गावाने ते डोळ्यांदेखत सिद्ध होताना पाहिले आहे. अचलपूर सोडून चिखलदऱ्याकडे निघालेला मोठा रस्ता झिरी नदीच्या काठाने वळतो, तिथे नदीपलीकडे हे गाव. गावाला रस्त्याशी जोडणारा एक लहानसा पूल. आणि पुलाच्या गावाकडल्या तोंडाशी दगडी टोलघर. एक खोली, पावती देण्याची एक खिडकी आणि वाटेवर आडवा पडणारा लोखंडी दांडा, एवढाच त्याचा संसार.

पुलाचा खर्च वसूल झाला तेव्हा टोल बंद झाला. गावाने पेढे वाटले. परंतु शासकीय इमारत रिकामी ठेवणे उचित नव्हते. मग तिथे पोलिओचे डोस आले, वाळूचोरी रोखणारी चौकी आली (वाळू चौकीच्या मागून जात असे), निवडणुकीचे तपासणी पथक आले, आणि साथीच्या दिवसांत पुण्याहून परतलेल्या आपल्याच पोरांना वेशीवर अडवणारे गावकरीही तिथेच बसले. प्रत्येक नव्या उपयोगाआधी टोलघराला नवा रंग मिळाला. पुलाला काही मिळाले नाही, कारण दोघांची लेखाशीर्षे वेगळी. इमारतीच्या शीर्षात निधी असे, पुलाच्या शीर्षात सहानुभूती.

टोलघराची किल्ली ग्रामपंचायतीचा शिपाई धर्मपाल याच्याकडे असे. संध्याकाळी तो त्या खिडकीत बसून पाण्याकडे पाहत राही. पुलाच्या कठड्याचा एखादा दगड निखळून पाण्यात पडला की उतरून तो काठावर हलवी. खात्यात तसे काही हलत नसे.

पुलाच्या दुरुस्तीसाठी सरपंच खुशालराव यांनी केलेल्या अर्जावर अखेर तालुक्याहून साहेब आले. निखळलेले दगड उघड्यावर पडलेले पाहून त्यांना मनापासून वाईट वाटले, आणि महिन्याभरात त्या दगडांचे टोलघराभोवती सुरेख कुंपण उभे राहिले.

"साहेब, हे तं कठड्याचेच दगड हायेत," धर्मपाल चाचरत म्हणाला. "पुलालेच लावले असते तं?"

"पुलाला मंजुरी कुठे आहे? मंजुरी कुंपणाची आहे. आता ही वारसा वास्तू झाली."

"साहेबायचं बरोबर हाय, धर्मपाल," खुशालराव म्हणाले. "जे भेटते ते पयले घ्या लागते." कुंपणाच्या कोनशिलेवर त्यांचे नाव कोरलेले होते.

धर्मपालची लेक दीक्षा परतवाड्यात दिली होती. सासरच्या दारातून सरकारी दवाखान्याची पाटी वाचता येई. पहिलटकरणीला याहून सुरक्षित जागा कोणती? पण पहिले बाळंतपण माहेरीच, हा नियमही कोणत्याही खात्याच्या नियमाहून कमी कडक नव्हता, आणि त्याची अंमलबजावणी धर्मपालची बायको इंदूबाई हिच्याकडे होती.

"दवाखाना तिकडं हाय न वो," धर्मपाल म्हणाला. "अन पुलाचं असं. राहू दे पोरीले तिकडंच."

"अन लोक काय म्हनतीन? मायबाप मेले काय पोरीचे?"

"पूल पडून राहिला, बाई."

"मी लगन होऊन आली तवापासून तो पडूनच राहिला. आनखी दोन मयने पडत राहीन, त्याले काय होते?"

सातव्या महिन्यात दीक्षा त्याच पुलावरून, बापाचा हात धरून माहेरी आली. श्रावणात झिरीला पूर आला आणि पुलाची मधली कमान गेली.

खात्याने मात्र तत्परता दाखवली. उरलेल्या पुलापुढे लोखंडी दांडा आडवा करून त्याला कुलूप घातले. वारसा वास्तूत कोणी आसरा घेऊ नये म्हणून टोलघरालाही घातले. "लेखी आदेशाशिवाय उघडायचे नाही," असे धर्मपालला बजावण्यात आले. गावाला आता एकच वाट उरली, डोंगराच्या फेऱ्याने. आणि पावसाळ्यात तिथे ट्रॅक्टरही रुते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, भर दुपारी दीक्षाला कळा सुरू झाल्या. फोन केला तशी रुग्णवाहिका खरोखर आली. नदीच्या त्या काठावर उभी राहून तिने दिवा फिरवला. मधे तांबडे पाणी धो धो वाहत होते. दीक्षा पुलाच्या तोंडापर्यंत चालत आली आणि दांड्याला धरून खाली बसली. पाऊस लागला होता.

"उघडा ते टोलघराचं कुलूप!" इंदूबाई ओरडली.

धर्मपालने किल्ली काढली, पण हात थबकला. इतक्या वर्षांच्या नोकरीने त्याला एवढेच तर शिकवले होते. "लेखी आदेश..."

"आदेश काय पोटातलं लेकरू लिहून देईन? सरका तिकडं!"

कुलूप इंदूबाईनेच काढले. पुलापाशी फोनला रेंज फक्त पावतीच्या खिडकीत येत होती. खिडकीत फोन उभा केला, पलीकडच्या काठावरून रुग्णवाहिकेतल्या सिस्टरबाई ओरडून सांगत राहिल्या, इंदूबाई करत राहिली आणि धर्मपाल पावसात कुंपणाला टेकून रडत राहिला. ज्या खिडकीतून पिढ्यान्‌पिढ्या पावत्याच बाहेर आल्या, तिच्यातून पहिल्यांदा एका मुलीचे रडणे बाहेर आले.

आठवड्याने साहेब डोंगराच्या फेऱ्याने, चिखल तुडवत आले. हातात वारसा वास्तूच्या गैरवापराबद्दल धर्मपालला द्यायची नोटीस होती. ती देण्यापूर्वी त्यांनी रीतसर चौकशी केली.

"इमारत कोणाची?"

"सरकारची, साहेब."

"प्रसूतीच्या वेळी शासकीय कर्मचारी हजर होता?"

"मीच होतो. पन मी तं बाहेर..."

"हजर. वैद्यकीय मार्गदर्शन?"

"सिस्टरबाई होत्या फोनवर."

"उपलब्ध." साहेबांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "अहो, मग ही घरची प्रसूती नाहीच. ही संस्थात्मक प्रसूती झाली!"

नोटीस खिशात परत गेली. पुढच्या सोमवारी धर्मपालला शाल आणि नारळ मिळाला. टोलघराला गुलाबी रंग लागला. जिल्ह्यात प्रसूतींचे उद्दिष्ट गाठणारे ते सर्वात छोटे केंद्र ठरले. माता व बालकासह फोटो काढताना सगळे हसले. दीक्षा तेवढी दांड्याकडे पाहत होती.

"अन पूल कदी होईन, साहेब?" धर्मपालने शाल सावरत विचारले.

"पूल?" साहेबांना खरेच आश्चर्य वाटले. "तुम्ही पूल मागत होता तो कशासाठी? बाळंतिणीला नेता यावे म्हणूनच ना? ती अडचण तर तुम्हीच दूर केली. प्रस्ताव कालच निकाली काढला."

खुशालरावांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. शालीमुळे धर्मपालचे हात मोकळे नव्हते.

थंडीत पाणी गुडघ्यापर्यंत उतरले, तेव्हा दीक्षा सासरी निघाली. बाळ धर्मपालच्या छातीशी, बापाच्या सदऱ्याला धरून मागे दीक्षा, पायाखाली शेवाळलेले दगड. समोरच्या काठावर चिखलदऱ्याला निघालेल्या गाड्या थांबल्या होत्या. नदीपलीकडचे गुलाबी टोलघर, तुटलेला पूल आणि मागे मेळघाटचे निळे डोंगर. देखावा होताच तसा.

"काका, जरा तिथंच थांबता का? फ्रेममध्ये येताय," काठावरून कोणीतरी गोड आवाजात सांगितले.

आवाज साहेबांच्या वळणाचा होता, म्हणून धर्मपाल थांबला. मधल्या धारेत, गार पाण्यात, नात छातीशी धरून. फोटो मनासारखा येईपर्यंत थांबला.

चिखलदऱ्याला तुम्हीही गेला असाल. मोबाइलमध्ये पाहा, तो फोटो असेल. तुमच्या खांद्याशी गुलाबी टोलघर, ऊन चेहऱ्यावर, हसू अगदी मोकळे. डावीकडे पाण्यात कोणी उभे होते, ती कडा तुम्ही नंतर कापून टाकली, ते बरे केले. छान आला आहे.